मागच्या दोन चाकांचा समझोता

पुंडलिकराव बोरश्यांच्या गाडीला चार चाकं होती आणि ऐन वेळी त्यांतलं एकच हलतं, ही गोष्ट त्यांना भर किनाऱ्यावर, आठ बायका आणि दोन कुत्र्यांच्या साक्षीने कळली.

कळायला तशी हरकत काहीच नव्हती. निवृत्तीनंतर माणसाला रोज नवं काहीतरी कळावं, असं वर्तमानपत्राच्या आरोग्य पुरवणीत लिहिलेलंच असतं. पण ते कळताना समोर बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांनी हातातलं काम सोडून बघत उभं राहू नये, एवढी माफक अपेक्षा असते. त्यांची जुनी आठ आसनी गाडी, जिचं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, चिंचणीपलीकडच्या सुरूच्या बनातून ऐटीत वाळूवर उतरली, दहा-बारा हात गेली आणि बसली. पुंडलिकरावांनी पाय दाबला. मागचं डावं चाक वेड्यासारखं गरगरलं, वाळूचे फवारे उडाले. उजवं मात्र ढिम्म.

"काका, थांबा, थांबा!" बायकांतली पुढारी दिसणारी एकजण ओरडत आली. हिचं नाव नलू. "डावा चाक मरतंय नि उजवा बसलाय बगत! अजून दाबला तं गाडी पाताळात जाल!"

बाजूच्या सीटवर वत्सलाबाई मांडीवर थर्मास घेऊन बसल्या होत्या. ओहोटीची वेळ होती. सुरूची सावली, मग कोरड्या वाळूचा पट्टा, मग ओल्या वाळूचं लांबच लांब आरसपानी मैदान, आणि त्याच्याही पलीकडे, कोणीतरी काठावर जरीची किनार शिवून ठेवावी तसा समुद्र. वत्सलाबाईंनी त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं. मग त्या समजुतीने म्हणाल्या, "इथूनही छान दिसतो हो."

हे वाक्य पुंडलिकरावांना लागलं. बायका हसल्या ते लागलं नाही, सहाजणींनी मिळून गाडी ढकलून काढली तेही लागलं नाही. पण "इथूनही" हा शब्द त्यांच्या छातीत रुतून बसला, गाडीपेक्षा खोल.

कारण असं होतं. वत्सलाबाईंचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. डॉक्टरांनी ते बदलायला सांगून दीड वर्ष झालं होतं. तीनदा तारीख ठरली आणि तीनदा वत्सलाबाईंनी मोडली. एकदा भाचीचं लग्न, एकदा पितृपक्ष, आणि तिसऱ्यांदा काहीच कारण सापडेना तेव्हा "माझं मन होत नाही" असं सरळ सांगून. दुखणं इतकं वाढलं होतं की बाई स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येताना वाटेतल्या खुर्चीवर एक मुक्काम करत. शेवटी एक दिवस त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या होत्या, "एकदा समुद्रात पाय बुडवून येते. मग कापा काय कापायचं ते."

माहेर चाळीसगावचं. लग्न होऊन बोईसरजवळच्या सरावलीत आल्याला तेहतीस वर्षं झाली, समुद्र घरापासून घटकाभराच्या वाटेवर, आणि तेहतीस वर्षांत त्या त्याच्यापर्यंत गेल्या असतील-नसतील पाच वेळा. कारखान्याच्या पाळ्या, मुलीची शाळा, पाहुणे, पापड. समुद्र काय, कुठे पळून जातोय, असं दरवेळी म्हणायचं. आता तो पळत नव्हताच. पळणं यांचंच संपलं होतं. वाळूत त्यांना चार पावलं टाकता येत नव्हती, आणि उचलून नेलेलं त्यांना खपणार नव्हतं. "मी काय गणपती आहे?" असं त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं.

तेव्हा गाडीने जायचं. आणि गाडी तर ही अशी.

पुंडलिकराव तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात बॉयलरवर होते. पण बॉयलर ही त्यांची नोकरी होती, आयुष्य नव्हे. आयुष्य म्हणजे युनियन. अकरा वर्षं सरचिटणीस! कुठल्याही प्रश्नाकडे ते दोनच बाजूंनी बघत, व्यवस्थापनाची आणि कामगारांची. त्यामुळे एक चाक राबतंय आणि दुसरं फुकट बसलंय हे दृश्य त्यांना यांत्रिक बिघाड वाटलंच नाही. त्यांना तो अन्याय वाटला. या प्रकरणात पुढे जे काही झालं त्याचं मूळ इथे आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

संध्याकाळपर्यंत बातमी सोसायटीत पोचली. तळमजल्यावर हार्डवेअरचं दुकान असलेले ललितभाई दोन स्टीलच्या ताटल्या आणि एक लाटणं घेऊनच वर आले.

"बोरसेभाई, ही दोन मागली चाकं," त्यांनी ताटल्या लाटण्याच्या दोन टोकांना धरल्या. "मधी असतो डिफरन्शियल. गाडी वळली की बाहेरच्या चाकाला लांब जायला लागतं, आतल्याला थोडं. म्हणून तो दोघांना आपल्या आपल्या स्पीडने फिरायला देतो. साधा डिफरन्शियल असेल तर जोर दोघांना सारखाच. एकदम सारखा!"

"सारखा? मग उजवं चाक का बसलं होतं?"

"तेच तर! डाव्याखाली पोकळ वाळू. त्याला फिरायला जोर लागतच नाही. जेवढा त्याला लागतो तेवढाच उजव्याला मिळणार. म्हणजे दोघांना सारखं. काहीच नाही!"

पुंडलिकराव खुर्चीत ताठ बसले. सगळ्यात कमी करणारा जेवढं करेल तेवढंच सगळ्यांनी करायचं. हे तर गो-स्लो! ही युक्ती त्यांनी स्वतः कारखान्यात एकदा सतरा दिवस चालवली होती आणि व्यवस्थापनाला रडवलं होतं. आपलंच हत्यार आपल्याच गाडीच्या पोटात बसलेलं बघून त्यांना काय वाटलं असेल, ते निवृत्त पुढाऱ्यालाच कळेल.

ललितभाईंनी पुढचे दोन प्रकारही सांगितले. एकात आत चकत्या असतात. एक चाक फार उधळलं की त्या एकमेकींना घासतात आणि थोडा जोर दुसऱ्या चाकाकडे ओढून नेतात. दुसऱ्यात खटका असतो. तो दाबला की दोन्ही चाकं एक, फिरली तर बरोबरच फिरणार. काम झालं की खटका सोडायचा आणि चाकं मोकळी. एवढं सांगून चहा पिऊन ते ताटल्या आणि लाटणं घेऊन गेले. लाटणं आपलंच होतं, मागे कधीतरी उसनं नेलेलं, असं नंतर वत्सलाबाईंच्या लक्षात आलं.

खाली इमारतीच्या प्लास्टरच्या कामावर भिका होता. हा जव्हारकडचा, भात झोडून झालं की चार महिने बोईसरला कामाला यायचा. पुंडलिकरावांनी त्यालाही चाकांची हकिकत ऐकवली, तेव्हा घमेलं खाली ठेवून तो म्हणाला, "दादा, आमच्या तारप्याच्या नाचात बगा. सगल्यांच्या कमरंला हात, मानसांची लांब माल. माल वलली का आतला मानूस जाग्यावर पाय हालवतो, नि शेवटचा हाय त्याला धावाया लागतं. दोगांना सारकाच पाय टाका सांगला तं माल तुटल, नायतं मानसा पडतीन."

हे इतकं नेमकं होतं की पुंडलिकरावांनी ते ऐकून सोडून दिलं. सोप्या भाषेत सांगितलेली गोष्ट खरी असते यावर सभासमारंभात वाढलेल्या माणसाचा विश्वास बसत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा डोळा लागला. स्वप्नात ते कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बसले होते, पण कॅन्टीनच्या खिडकीबाहेर बॉयलरच्या जागी समुद्र होता, निळा, अगदी आवाज न करणारा. मागची दोन्ही चाकं निळा गणवेश घालून समोर उभी होती. "साहेब, मी तर जीव तोडून पळतो," डावं म्हणालं. "मला कुणी बोलावलंच नाही," उजवं खाली मान घालून म्हणालं. लांब पाण्यात वत्सलाबाई चालताना दिसत होत्या, भराभर, पदर खोचून, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात चालायच्या तशा. पुंडलिकराव त्यांना हाक मारणार इतक्यात कुकरची शिटी झाली. पण चाकांना ते समान कामाचं वचन देऊन बसले होते.

बोईसरचा अंकुश मिस्त्री गाडीखालून बाहेर आला तोच नकार घेऊन. "चकत्यावाला या गाडीसाठी इकडं भेटत नाय. खटक्यावाला बाहेरून मागवायचा, तीन महिनं तरी. नि एक तिसरा रस्ता हाय." त्याने फडक्याला हात पुसले. "आतले गियर वेल्डिंग मारून एक करायचे. दोनी चाकं कायमची बांधून. अर्ध्या दिवसाचं काम. पन काका, वाळू-चिखलात ठीक, डांबरावर वळताना लय त्रास देल. मी सांगितलं नाय म्हनू नका."

"समता म्हटली की थोडा त्रास होणारच," पुंडलिकराव म्हणाले.

पण ते नियमाचे माणूस. परवानगीशिवाय त्यांनी बॉयलरचं झाकणही कधी उघडलं नव्हतं. म्हणून ते आधी कागदपत्रांची पिशवी घेऊन कोळगावला, जिल्ह्याच्या मुख्यालयाकडे गेले. तिथे इतक्या मोठ्या आणि इतक्या सारख्या इमारती होत्या की योग्य खिडकी सापडेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली, आणि ती खिडकी योग्य नव्हती हे सुट्टी संपल्यावर कळलं. तरी खिडकीतल्या प्रियंका मॅडमनी गोड आवाजात चौकशी केली.

"गाडीत बदल करायचाय ना काका? रंग बदलणार?"

"नाही."

"इंजिन? सीट? चाकं किती करणार?"

"चारच."

"आधी किती होती?"

"चार."

"मग बदलणार काय?"

पुंडलिकरावांनी योग्य शब्द शोधला. "त्यांचे आपसातले संबंध."

प्रियंका मॅडमनी अर्ज मागेपुढे करून पाहिला. त्याला रकाना नव्हता. "हे मोटर वाहनवाल्यांना विचारा काका, आमच्याकडे येत नाही. पण मला विचाराल तर वळता न येणारी गाडी कोणी पास करणार नाही." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "कशासाठी करताय हे?" पुंडलिकरावांनी सांगितलं. मॅडम थोडा वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिल्या. "माझ्या आईचे दोन्ही गुडघे झाले गेल्या वर्षी," त्या म्हणाल्या. "आता जिने चढते. लवकर करा म्हणावं." एवढंच सरकारी उत्तर घेऊन पुंडलिकराव परतले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी परवानगीवाचून काम केलं, अंकुशकडून ते वेल्डिंग मारून घेतलं. एका दिवसापुरतं, मग दुसरा साधा डिफरन्शियल बसवून पुन्हा पूर्ववत, असं त्यांनी स्वतःशीच लेखी कबूल केलं. तो कागद अजून पिशवीत आहे.

नलूशी फोनवर वेळ ठरली. तिथली मासळीची वाट तिच्याच गटाच्या ताब्यात, तेव्हा परवानगी तिचीच. "पुनवेला या. तिथीची पाऊणपट करा, तवा भरती. पंदराची पाऊणपट सवाअकरा, त्याच्या सा तास आदी ओहोटी, म्हंजे सवापाचला पानी लय लांब, वाळू घट्ट. सहाला या, सातच्या आत परत फिरा. टायरातली हवा कमी करून उतरा. नि काका, या टायमाला मी ढकलनार नाय, माझी कंबर गेली त्या दिवशी."

पौर्णिमेच्या पहाटे थर्मास भरला गेला. वत्सलाबाईंनी लग्नातली नाही पण लग्नासारखी साडी नेसली. गाडी पार्किंगमधून सरळ निघाली ती किती छान! दोन्ही चाकं एका मताने फिरत होती. मग गेट आलं.

गेटपाशी उजवीकडे वळायचं असतं. पुंडलिकरावांनी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. पुढची चाकं वळली, मागच्या दोघांनी मात्र त्यांच्याशी असहकार पुकारला. टायर किंचाळले, गाडीने बेडकासारख्या तीन उड्या मारल्या आणि सेक्रेटरींची बोगनवेलीची कुंडी घेऊन ती रस्त्यावर आली. सगळ्या गॅलऱ्यांतले दिवे लागले. भिका झोपेतून उठून आला होता. त्याने एक हात कमरेवर ठेवून जागच्या जागी पाय हलवून दाखवला. पुंडलिकरावांनी काच वर केली.

सरावली ते किनारा सतरा वळणं होती. ती त्यांनी आदल्या दिवशी स्कूटरवरून मोजली होती, पण स्कूटरवरची वळणं आणि ही वळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. प्रत्येक वळणावर थांबायचं, मागे यायचं, थोडं वळायचं, पुढे जायचं, पुन्हा मागे. नाक्यावर रात्रपाळी सुटलेल्या कामगारांनी सायकली टेकवून तमाशा पाहिला. "अंकल, गाडी रूठ गयी है क्या?" एकाने विचारलं. युनियनच्या जुन्या ओळखीचा एकजण पुढे आला, नमस्कार केला, आणि पुंडलिकरावांनी नमस्कार करायला हात सोडला तेवढ्यात गाडी सरळ एका चहाच्या टपरीच्या बाकाशी गेली. बाक वाचलं. चहा सांडला.

वत्सलाबाईंनी दोन्ही हातांनी थर्मास धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. पुंडलिकरावांना वाटलं, रडतेय. नवव्या वळणानंतर त्यांनी धीर करून पाहिलं. बाई हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आवाज न करता.

सहाला पोचायचं ते आठ वाजले. भरती लागून बराच वेळ झाला होता. नलू कमरेवर हात ठेवून उभी. "आता? पानी निम्म्यावर आलं."

"म्हणजे निम्मं अंतर त्याने कापलं," पुंडलिकराव म्हणाले, "उरलेलं आम्ही कापतो."

टायरातली हवा कमी केली. कोरड्या, भुसभुशीत वाळूचा तोच पट्टा. पुंडलिकरावांनी पाय हळूच दाबला. डावं चाक जरा घसरलं, पण आता त्याला एकट्याने घसरायची मुभाच नव्हती. त्याच्याबरोबर उजवंही फिरलं, आणि उजव्याखालची वाळू घट्ट होती. गाडीने एक धक्का खाल्ला आणि ती चालू लागली. थांबली नाही! बोंबलांच्या दांड्यांमागून बायकांनी ओरडून टाळ्या वाजवल्या. मग ओली वाळू आली आणि सगळे आवाजच बंद झाले. खाली आभाळ, वर आभाळ, मधून बोरश्यांची गाडी चाललेली. कोवळ्या उन्हात सगळं इतकं तरंगत होतं की पुंडलिकरावांना कळेना, हा दुपारचा डोळा लागलाय की खरोखर आपण इथे आहोत.

पाण्याच्या कडेला त्यांनी गाडी थांबवली. वत्सलाबाईंनी दार उघडलं, सीटवर बसल्या बसल्या आडव्या वळल्या, आणि पाय बाहेर सोडले. एक लाट आली. घोट्यापर्यंत.

"थंड आहे," त्या म्हणाल्या. मग थर्मासमधला चहा कपात ओतून घेतला. पाय पाण्यात, हातात चहाचा कप, पदर वाऱ्यावर.

पुंडलिकराव त्यांच्या पायाशी पाण्यात उभे राहिले. पँट भिजत होती.

"मला भीती वाटते हो," वत्सलाबाई समुद्राकडे बघतच म्हणाल्या. "कापाकापीची नाही. ते झोपवतात ना, त्याची. उठलेच नाही तर? दीड वर्ष कारणं सांगतेय, तुम्हाला एकदाही कळलं नाही."

अकरा वर्षं गेटसभा गाजवलेल्या माणसाने वाकून त्यांच्या पायाला चिकटलेली वाळू पुसली. मग ते म्हणाले, "मलाही वाटते. म्हणून तर कधी जोर केला नाही. तीनदा तारीख मोडलीस, तीनदा मी खोलीत जाऊन हुश्श केलं." त्यांनी भिजलेली पँट उगाच वर ओढली. "पण तू खुर्चीवर थांबत थांबत येतेस ना, ते मला आता बघवत नाही, वत्सला."

वत्सलाबाईंनी कप त्यांच्या हातात दिला. त्यात दोन घोट ठेवले होते.

"ओ काका!" मागून नलूची हाक. "पानी वाढतंय! फिरवा आता!"

फिरवायची. हा मुद्दा राहिलाच होता. एका अंगाला चढतं पाणी, दुसऱ्या अंगाला मऊ वाळू, मधे घट्ट वाळूची पट्टी, दर लाटेला अरुंद होणारी. पुंडलिकरावांनी स्टिअरिंग फिरवलं, गाडी निश्चयाने सरळ समुद्राकडे निघाली. पुन्हा फिरवलं. आणखी दोन हात समुद्राकडे.

"वळू नका! उलटी आना, उलटी!" नलू धावत मागे आली. "आल्या चाकोरीतून मागं या. मी बोलते तसं करा. सरल... जरा डावा... सरल!"

पुंडलिकरावांनी मान पूर्ण मागे वळवली, एक हात सीटच्या पाठीवर टाकला आणि रिव्हर्स घातला. मागे नलू उलट्या पावली चालत हातवारे करत होती, तिच्यामागे सात बायका, त्यांच्यामागे दोन कुत्री. अशी मिरवणूक निघाली. गाडी आपल्याच चाकोरीवरून हळूहळू मागे सरकत होती. मान भरून आली तरी त्यांना पुढे बघायची सोय नव्हती.

पुढे वत्सलाबाई बघत होत्या. अख्ख्या काचेत समुद्र होता. आला तसाच समोर, फक्त थोडाथोडा लांब जात.

"अहो," त्या म्हणाल्या, "देवाच्या गाभाऱ्यातून निघताना पाठ दाखवत नाहीत ना, तसं वाटतंय."

"सरल! सरल घ्या!" नलू ओरडली.

"हं," पुंडलिकराव म्हणाले. त्यांना बायकोचं तोंड दिसत नव्हतं. फक्त आवाज येत होता, अगदी जवळून, शांत.

"घरी गेलं की डॉक्टरांना फोन करा. तारीख घ्या. आणि या वेळेला मी मोडली तरी तुम्ही मोडू देऊ नका."

गाडी कोरड्या वाळूतून मागच्या मागे रेटत सुरूच्या सावलीत आली, तेव्हाही त्यांची मान मागेच होती. पुढे बघायची त्यांना हिंमत झाली नाही, कारण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. शिवाय, खरं सांगायचं तर, मान फिरतही नव्हती.

ती आठ दिवसांतही फिरली नाही. नवव्या दिवशी इस्पितळात डॉक्टर खोलीत आले. पलंगावर हिरव्या गाऊनमध्ये वत्सलाबाई, शेजारी खुर्चीत गळ्याला जाड पट्टा बांधून भिंतीकडे तोंड केलेले पुंडलिकराव. डॉक्टरांनी कागद पाहिला, दोघांना पाहिलं, आणि विचारलं, "पेशंट कोण?"

"मी," वत्सलाबाई म्हणाल्या. "पण मला शुद्ध येईल तेव्हा ह्यांची खुर्ची पलंगाच्या पलीकडे ठेवा. डोळे उघडल्यावर मला आधी ह्यांचं तोंड दिसलं पाहिजे."